डोळ्याखालची जाळी

मी नाक शिंकरलं आणि माझा उजवा डोळा फुगला.

हळूहळू नाही, एकदम. मोरीपाशी वाकले होते, सर्दीनं नाक चोंदलं होतं. एक नाकपुडी दाबून जोर केला तशी गालातून डोळ्याच्या खोबणीत वाऱ्याची झुळूक शिरल्यासारखं वाटलं आणि पापणी आपोआप मिटली. हात लावला तर कातडीखाली चुरचुर आवाज. साबुदाण्याची वाळलेली पापडी बोटानं दाबावी तसा.

"आई!" मी अशी ओरडले की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

आई पिठाच्या हातांनी धावत आली. माझ्याकडं बघितलं आणि दाराला धरून उभी राहिली. "अगं बया! आवो, हिकडं या आधी! पोरीचा डोळा बघा कसा झालाय!"

आप्पा आले. माझी हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड उजेडाकडं वळवलं. त्यांच्या बोटांना ग्रीसचा वास येत होता, कारण ते साखर कारखान्यात फिटर होते. मार लागलेल्या पोरींचे गुडघे, घोटे, बोटं त्यांनी आयुष्यभर दाबून बघितली होती आणि दरवेळी "काय न्हाई, जा खेळायला" म्हणून सोडून दिली होती. या वेळी ते तसं म्हणाले नाहीत.

कारखाना सुटला की आप्पा शाळेमागच्या मैदानावर आम्हा पोरींना कबड्डी शिकवायचे. ते स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळलेले, गुडघा गेला म्हणून थांबलेले. त्यांच्या हाताखालच्या दोन पोरी खेळाडूंच्या जागेवर पोलिसात लागल्या होत्या. तिसरी मी लागणार, हे गावानं ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतरच्या राज्य संघाच्या निवड शिबिराला माझं नाव आलं होतं. चढाईला निघाले की कडेनं आरोळी उठायची, "आली आप्पांची वाघीण!" मी एकोणीस वर्षांची होते.

मार सरावातच बसला होता. मी डाव्या कोपऱ्यावर चढाई केली, पलीकडच्या बाजूनं खेळणाऱ्या छायानं घोटा धरला, मी तोंडावर पडले आणि पकडीला धावून आलेल्या दुसरीचा गुडघा थेट डोळ्यावर आला. मैदानात रडायचं नाही, हा आप्पांचा नियम. लागलं तर रेषेबाहेर बसायचं आणि खेळ संपेपर्यंत बघायचं. मी बसले. कोल्ड्रिंकच्या दुकानातला बर्फ पंच्यात बांधून डोळ्यावर धरला. गाल बधिर झाला होता, तो मला बर्फामुळं वाटला.

दुसऱ्या दिवशी सूज जरा उतरली तशी आप्पांनी मला मध्यरेषेवर उभं केलं. समोर सगळ्या पोरी उभ्या केल्या.

"किती दिसत्यात?"

मला समोर जत्रा दिसत होती. छायाच्या डोक्यावर आणखी एक छाया, तिच्या शेजारी अर्धी. पण कबड्डीत समोर किती असतात हे काय मोजून सांगायचं?

"सात," मी म्हणाले.

"शाब्बास. चार दिवस आराम कर, मग ये."

आणि मग ते नाक शिंकरणं.

मिरजेला आम्ही कारखान्यातल्या एकाच्या जीपमधून गेलो. वाटेत मला दोनदा उलटी झाली. प्रत्येक खड्ड्यात वाटायचं की आता डोळा हातात येईल, म्हणून मी सगळा रस्ता त्यावर पंजा धरून बसले होते. आई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होती. आप्पा पुढं बसले होते, मागं वळून बघत नव्हते.

डॉक्टर अंजुम बागवान या तोंडाच्या आणि चेहऱ्याच्या हाडांच्या सर्जन. आप्पांच्याच वयाच्या, बुटक्या, कानात बारीक मोत्याच्या कुड्या. त्यांनी पहिल्यांदा मला एकच गोष्ट सांगितली. "आजपासून नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंक. नाकातली हवा डोळ्यात शिरतेय तुझ्या."

नाकातली हवा डोळ्यात कशी शिरते, हे विचारायची माझी छाती झाली नाही. उत्तर ऐकायचं नव्हतं.

फोटो काढले, मोठ्या यंत्रात घातलं, सूज उतरायला औषधं दिली. ती उतरल्यावर परत बोलावलं. त्या मधल्या दिवसांत मी एकटी असले की डावा डोळा झाकून उजव्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची. अक्षरं दिसली की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. घटकाभरानं पुन्हा झाकून बघायची, मधेच गेलं असलं तर?

परत गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी पेन समोर धरलं. "मान हलवू नको. नुसत्या डोळ्यांनी बघ. किती?"

"एक."

पेन वर गेलं. अर्ध्या वाटेत त्याचं फाटून दुसरं पेन झालं आणि तिरकं वर चढलं.

"आता?"

मी आप्पांकडं बघितलं. "दोन."

आप्पांची मान माझ्याकडं वळली. "तू सात म्हणालीस की."

"सात कसले?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी कपाटातून कवटी काढली. खरीखुरी, पिवळट, माणसाची. आईनं पदर तोंडाला लावून खिडकीकडं बघायला सुरुवात केली. डॉक्टरबाईंनी ती टेबलावरच्या दिव्यासमोर धरली. डोळ्याच्या खोबणीचा तळ उजेडानं लाल-पिवळा झाला. हाडातून उजेड आरपार येत होता.

"बघा किती पातळ आहे. खाली गालात पोकळी आहे, तिला नाकाची वाट आहे. हिचा हा तळ फुटून खाली गेलाय. डोळ्याभोवतीची चरबी त्या भोकातून खाली लोंबतेय आणि डोळा फिरवणारा एक स्नायू कडेला अडकलाय. म्हणून वर बघितलं की दोन दिसतात. असंच ठेवलं तर डोळा आत बसत जाईल. आपल्याला अडकलेलं सगळं वर काढून खाली नवा तळ घालायचाय."

"नवा म्हंजे कशाचा?" आप्पांनी विचारलं.

त्यांनी एक डबी उघडली. आत पांढरी, जाडसर कागदासारखी चकती होती आणि एक राखाडी जाळी, पंख्यासारखी पसरलेली, बोटाएवढी.

"ही चकती एका प्रकारच्या प्लास्टिकची. बारीक भोक असतं तर हिनं भागलं असतं. हिचं भोक मोठं आहे, मागं टेकायला कड कमी आहे. ही जाळी टायटॅनियमची, हवी तशी वाकवता येते, स्क्रूनं बसते. आणि तिसरा मार्ग म्हणजे हिचंच हाड. कमरेतून तुकडा काढायचा, घासून पातळ करायचा आणि इथं ठेवायचा."

"चहाच्या गाळणीवानी दिसतीया," आई जाळीकडं बघून पुटपुटली.

आप्पांनी जाळी उचलली. फिटर माणूस, अंगठ्यानं वाकवून बघितली. "तिन्हीत मजबूत हीच न्हवं?"

"हीच."

"मग हीच बसवा. परत मोडायची भानगडच नको." त्यांच्या तोंडावर त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा रंग आला. मैदानावर आम्ही सगळं असंच ठरवायचो. घोटा मुरगळला की त्याच्यावर जाड पट्टा, गुडघा दुखला की दुहेरी पट्टा, आणि चल परत.

डॉक्टरबाईंनी जाळी त्यांच्या हातातून घेतली. "ही पुन्हा खेळणार आहे का?"

"म्हंजे काय मॅडम? दिवाळीनंतर शिबिर हाय तिचं. औंदा जमलं न्हाई तर फुडच्या वर्षी. खेळणार न्हाई तर काय करणार?"

"मग जरा ऐका. गुडघ्याचा मार हिच्या डोळ्यावर बसला. तो सगळा मार डोळ्यानं सोसला असता तर बुबुळ फुटलं असतं. तळ मोडला, मार खाली निघून गेला, डोळा वाचला. हा तळ पातळ आहे तेच बरं आहे. ही जाळी अशी मोडणार नाही. पुन्हा तसाच मार बसला तर तो जायला जागा कुठं?"

आईनं माझं मनगट धरलं.

"डोळ्यात," मीच म्हणाले.

"होईलच असं नाही. पण मी ती जोखीम घेणार नाही. खेळणार असेल तर मी हिचंच हाड घालीन. ते रुजतं, पुढं तिचंच होतं. मार बसला तर तेही मोडेल. मोडू दे. पण त्याचाही त्रास आहे. कंबर बरेच महिने दुखते, पळताना जाणवते. आणि हाड कधीकधी झिजतं, मग डोळा थोडा आत जातो, परत ऑपरेशनही लागू शकतं. न खेळणारीला मी डोळे झाकून जाळी सांगितली असती."

"कमरंचं हाड घ्या," आप्पा म्हणाले. श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाहीत.

"आवो, आणि कमरंवर कापायचं?" आई म्हणाली. "एक दुखनं घालवायला दुसरं?"

"भरून येतंय. वर्षभर आपण थांबू. मी घेतो तिच्याकडनं करून. काय जया?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली का नाही म्हणून, हे त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या मते त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या, "आणखी एक, सांगणं माझं काम आहे. फार क्वचित, पण या ऑपरेशनात नजर जाऊ शकते."

त्या वाक्यानंतर मला काहीही ऐकू आलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मला वॉर्डात दाखल केलं. लांबट खोली, खाटांमधून हिरवे पडदे. शेजारच्या खाटेवरची बाई जबड्याला तारा बांधलेली, नळीनं पेज ओढत होती, त्याचा सुर्र सुर्र आवाज यायचा. मी पडून वर छताकडं बघत होते. छताला एक दांडी होती. ती मला दोन दिसत होती. उद्या यातली एकही दिसली नाही तर काय, हाच विचार. अंधार कसा असेल हे बघायला डोळे मिटायची आणि घाबरून लगेच उघडायची.

डॉक्टरबाई आल्या. "कमरेवर खूण करायची आहे. बाकीचे बाहेर व्हा."

आप्पा पडद्याबाहेर गेले. आई आत राहिली. पडदा जमिनीपासून हातभर वर होता, त्याखाली आप्पांच्या चपला दिसत होत्या. उजवा पाय जरा बाहेर वळलेला, गुडघा गेल्यापासून ते तसेच उभे राहायचे.

डॉक्टरबाईंनी माझ्या कमरेचं हाड चाचपलं आणि निळ्या पेननं एक रेघ ओढली. पेन गार होतं.

"उद्या इथून," त्या म्हणाल्या.

ते पेन अंगाला लागलं आणि मला पुढचं सगळं एकदम दिसलं. ही जखम भरणार. मी पुन्हा पळायला लागणार. पुन्हा मध्यरेषेवर उभी राहणार, समोर साती जणी हात पसरून वाट बघत असणार, जीभ टाळूला चिकटणार, आणि त्याच जिभेनं कबड्डी कबड्डी म्हणत मला आत जावं लागणार. खरं सांगते, तेव्हा डोळा गेला तर काय याच्यापेक्षा डोळा बरा झाला तर काय, याची मला जास्त भीती वाटली.

"मॅडम," मी म्हणाले. "इथनं नको."

"म्हणजे?"

"हाड नको. जाळी बसवा."

आईचा हात माझ्या केसांत होता, तो थांबला. डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण लावलं आणि खाटेच्या कडेला बसल्या. "मी काय सांगितलं होतं ते लक्षात आहे ना? जाळी बसवली की कबड्डी बंद. नंतर विचार बदलून चालणार नाही."

"व्हय."

"वडिलांशी बोललीस?"

मी पडद्याखाली बघितलं. चपला हलल्या नव्हत्या.

"जया," पडद्यापलीकडून आवाज आला. नेहमीचाच, मैदानावर यायचा तसा. "काय म्हणालीस?"

मी दोन्ही हातांनी चादर धरली. पडदा मधे होता म्हणून मी बोलले. तो नसता तर आजही बोलले नसते.

"मला खेळायचं न्हाई, आप्पा."

"आत्ता भ्यालीयास म्हणून म्हणतीस. ऑपरेशनला समदीच भित्यात."

"ऑपरेशनला न्हाई. चढाईला भिती."

"चढाईला? तू?" ते हसले. खरंच हसले. "कवापास्नं?"

"पहिल्यापास्नं."

शेजारच्या बाईचं पेज ओढणं थांबलं. मग आप्पा बोलले ते हळू, जणू मला नाही, स्वतःलाच विचारत होते.

"मग एवढ्या वर्साच्या चढाया? कोल्हापूरचा तो सामना? समद्या बाद झाल्यावर एकटी गेलीस तू आत. ते कसं केलंस मग?"

काहीतरी बरं बोलता आलं असतं. आई माझ्याकडं बघून मान हलवत होती, नको म्हणून. पण मला आत दुसरं काही सापडलंच नाही.

"तुमचं भ्या त्याच्यापेक्षा जास्त वाटायचं."

पडद्याखालचा वळलेला पाय सरळ झाला. मग दोन्ही पाय वळले आणि निघून गेले. चपलांचा आवाज दारापर्यंत ऐकू आला, पुढं नाही.

आई रडायला लागली. "अगं, कशाला बोललीस गं त्येंना असं?" म्हणाली आणि तेच म्हणत माझ्या कपाळावरून हात फिरवत राहिली. डॉक्टरबाईंनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि माझ्या कमरेवरची रेघ पुसली. निळा डाग जरासा राहिला.

"सही तुझी आहे, तू सज्ञान आहेस," त्या म्हणाल्या. "सकाळी परत विचारीन. तोवर बदललं तरी चालेल."

बदललं नाही. पण त्या रात्री आप्पा आले नाहीत, सकाळी मला स्ट्रेचरवर घातलं तेव्हाही दिसले नाहीत. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. सुई टोचली तेव्हा वाटत होतं की अंधारच मिळाला तर मला शिक्षाच मिळाली.

शुद्धीवर आले तेव्हा घशात कोरड होती आणि डोळ्यावर ओझं. कुणीतरी पापणी उचलली.

"उजेड दिसतो का?"

दिसत नव्हता. नुसतं दाट, चिकट काहीतरी. मी ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही.

"मलम आहे डोळ्यात, घाबरू नको. आता बघ. दिसतो?"

पांढरा ठिपका. पुसट, मग जरा मोठा. "दिसतो," मी म्हणाले आणि मोठ्यानं रडायला लागले. नर्स म्हणाली, "रडू नका बाई, नाक भरेल आणि शिंकरता येणार नाही." ते ऐकून मला हसू आलं. घटकाघटकानं ती येऊन बॅटरी मारायची. दर खेपेला ती पापणी उचलायची तेवढ्या वेळात मी मरून परत यायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी समोर बोट धरलं. एकच. वर नेलं. वर गेल्यावर अजूनही जरा फाटत होतं, पण त्या म्हणाल्या, "सुटलाय स्नायू. सूज गेली की हेही जाईल." ते पुढं महिन्याभरात गेलं. गाल मात्र अजून बधिर आहे, त्याच्यावर माशी बसली तरी मला कळत नाही.

"आप्पा कुठायत?" डॉक्टरबाई गेल्यावर मी आईला विचारलं.

"हाईत बाहीर. परवा दुपारपास्नं तिथंच बाकड्यावर हाईत. जेवलं न्हाईत. आत चला म्हटलं तर येत न्हाईत."

"चिडल्यात?"

आई पाणी आणायला गेली आणि दार अर्धवट उघडं राहिलं. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. आप्पांचाच, त्यांचा तो जुना, मोठ्यानं वाजणारा. पलीकडचा माणूस इतक्या जोरात बोलत होता की शिबिराचे साहेब आहेत हे मला खाटेवरून कळलं. आता ते म्हणणार, डोळ्याचा घात झाला साहेब, पोरीचं नशीब. गावात सांगायलाही तेच बरं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं, ना त्यांना ना मला. मी तेच ऐकायची तयारी करत होते.

"न्हाई साहेब," आप्पा म्हणाले. "डोळा बरा हाय तिचा. दिसतंय."

पलीकडून काहीतरी.

"न्हाई, न्हाई. डाक्टरांनी बंदी घातली म्हणून न्हवं. कमरंचं हाड घालून खेळता आलं असतं. पोरीलाच खेळायचं न्हाई."

पलीकडचा आवाज चढला. अशी वाघीण, असं काहीतरी. मग, तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं का, असं.



"न्हाई साहेब," आप्पा म्हणाले. "मी कधी इचारलंच न्हवतं तिला."